हत्यार कुणाच्या हातात आहे, एवढंच आपण पाहतो

(सचिन येथे समाजाच्या वाडीत खंडेनवमीच्या मेळाव्यात कार्यकारिणीच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज खंडेनवमी. सकाळी आपण सगळ्यांनी आपापल्या घरी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा केली. कुणाच्या घरी आजोबांची तलवार आहे, तिला झेंडूची माळ घातली. कुणी विळा-कोयता पुजला, कुणी लूमची मोटार, कुणी रिक्षा. वर्षानुवर्षं हे चालत आलं आहे आणि पुढेही चालावं.

पण आज आम्ही उभे आहोत ते वेगळ्या कारणासाठी. आपल्या काही तरुणांनी मंडळाकडे लेखी अर्ज दिला आहे. अर्जात तीन मागण्या आहेत. दहा तरुणांना बंदुकीचा परवाना मिळावा म्हणून मंडळाने शिफारसपत्र द्यावं. उद्याच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत उघड्या तलवारी घेऊन चालावं. आणि पुढच्या वर्षापासून वाडीतल्या पूजेत बंदूक ठेवावी. या अर्जावर आज सभेला निर्णय घ्यायचा आहे. कार्यकारिणीचं मत तुमच्यासमोर ठेवण्याचं काम आमच्याकडे आलं आहे.

सुरुवातीलाच सांगतो, अर्ज देणारी मुलं आपलीच आहेत आणि त्यांची भीती खोटी नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले ६ जण होते. सुरतचाही एक जण होता, त्याची अंत्ययात्रा आपल्या शहरातूनच निघाली. त्याआधी, जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांत ५६ जण गेले आणि दुसऱ्या दिवसापासून सुरतेत बॉम्ब सापडू लागले. झाडांवर, जाहिरातीच्या फलकांमागे, एकूण २९. ते दिवस इथे बसलेल्या प्रत्येकाला आठवत असतील. मुलांना शाळेत पाठवावं की नाही, याचा विचार करत आपण दारात उभे राहत होतो. तेव्हा भीती वाटते, हे कबूल. प्रश्न एवढाच आहे की या भीतीवर बंदूक हा उपाय आहे का, आणि आपण घाबरतो ते नेमकं कशाला.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. त्यासाठी एक घरचीच गोष्ट सांगतो. नाव घेणार नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आपल्याच एका घरची हळद होती. डीजे चालू होता. नवरदेवाच्या एका मित्राने कमरेचा कट्टा काढला आणि वर बार केला. गोळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लागली. टाकीला भोक पडलं, पाणी खाली आलं आणि आपण सगळे हसलो. आम्हीही हसलो, हे प्रामाणिकपणे सांगतो. कुणी पोलिसांना फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी टाकी बदलली आणि विषय संपला.

आता तोच कट्टा, तीच गोळी, फक्त मुलगा पलीकडच्या मोहल्ल्यातला असता तर? आपण काय म्हटलं असतं? त्याच रात्री दहा फोन गेले असते आणि सकाळपर्यंत सगळ्या सचिनमध्ये "आतंकवादी पकडला" अशी बातमी झाली असती. आणि मुलगा यूपी-बिहारचा भाडेकरू असता तर? "हे लोक आले आणि गाव बिघडलं," असं आपण म्हटलं असतं. हत्यार एकच आहे, पण ते कुणाच्या हातात आहे हे पाहून आपण कधी हसतो, कधी घाबरतो. कार्यकारिणीचं म्हणणं थोडक्यात हेच आहे, आणि बाकीचं भाषण त्याच्या दाखल्यांचं आहे.

पहिला दाखला सगळ्यांना माहीत आहे. १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या प्रकरणात संजय दत्तकडे एके-५६ होती, हे कोर्टात सिद्ध झालं. दहशतवादाच्या कटातून त्याची सुटका झाली आणि शस्त्र कायद्याखाली शिक्षा झाली. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ती ५ वर्षांवर आणली. कोर्टाचा निकाल आपल्याला मान्य आहे. पण त्या वेळी चौकाचौकात लोक काय बोलत होते ते आठवा. "पोरगा चुकला, बाप भला माणूस होता." ही दया आपण एखाद्या अनोळखी पोराला दाखवली असती का?

दुसरा दाखला सुरतचा आहे. २८ डिसेंबर २००१ ला नवसारी बाजारातल्या एका हॉलमधून १२७ माणसं पकडली गेली. बंदी घातलेल्या संघटनेची बैठक चालली होती, असा आरोप होता. त्यांत महाराष्ट्रातून आलेलेही होते. खटला चालला तो मार्च २०२१ पर्यंत, म्हणजे १९ वर्षं. ५ जण निकालाआधीच वारले. उरलेले १२२ जण सुरतच्या कोर्टाने निर्दोष सोडले. पहिल्या दिवशीची बातमी आपण सगळ्यांनी वाचली होती. शेवटच्या दिवशीची किती जणांनी वाचली?

१९९३ मध्येही सुरतेत दोन स्फोट झाले होते, वराछाला आणि रेल्वे स्टेशनवर. वराछाच्या स्फोटात शाळेत जाणारी एक मुलगी गेली. त्या खटल्यातल्या ११ जणांना सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये निर्दोष ठरवलं. मग त्या मुलीला न्याय कुठे मिळाला? पुरावा कच्चा राहिला की निर्दोष माणूस भरडला जातो आणि मेलेल्याच्या आईबापालाही काही मिळत नाही. दोन्हीकडून नुकसान होतं.

तिसरा दाखला सगळ्यांत जवळचा. ३१ जुलै २०२३ ची पहाट, जयपूर-मुंबई गाडी. आपण मुंबईला जाताना जिच्यात बसतो ती. रेल्वे सुरक्षा दलाची तुकडी सुरत स्टेशनवर गाडीत चढली होती. पालघरच्या आसपास त्यांच्यातल्याच एका शिपायाने सरकारी रायफलने आपल्या वरिष्ठाला आणि ३ प्रवाशांना गोळ्या घालून मारल्याचा गुन्हा नोंदवला गेला आणि त्याच्यावर खुनाचा खटला भरला गेला. ते तिघेही प्रवासी मुसलमान होते. त्या डब्यात बसलेल्यांना कुणाची भीती वाटायला हवी होती? खाकी वर्दी पाहून आपण निर्धास्त झोपलो असतो.

आता कुणी म्हणेल, ही सगळी बेकायदा हत्यारं किंवा सरकारी हत्यारं. आम्ही तर रीतसर परवाना मागतो आहोत. ठीक आहे, परवान्याचं बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच आठवड्यात दोन घटना झाल्या. उल्हासनगरला पोलीस ठाण्यात, अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये गोळीबार झाला आणि त्यासाठी एका आमदाराला अटक झाली. दहिसरला एका माजी नगरसेवकाला फेसबुकवर सगळ्यांच्या देखत गोळ्या घातल्या गेल्या. मारणाऱ्याने स्वतःलाही संपवलं. पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं होतं, परवान्याचं. दोन्हीकडे दहशतवादी कुणी नव्हता. ओळखीची माणसं होती आणि जुनी भांडणं होती. भांडण कुठल्या घरात नसतं? आपल्या वाडीच्या हिशोबावरून सभेत खुर्च्या उचललेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्या दिवशी कुणाच्या कमरेला पिस्तूल नव्हतं म्हणून आपण आज इथे एकत्र बसलो आहोत.

अमेरिकेत काय चाललं आहे ते मोटेल चालवणाऱ्या आपल्या गुजराती शेजाऱ्यांना विचारा. तिथे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. २०२१ मध्ये तिथे बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसं गेली, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. घरात ठेवलेली बंदूक चोरावर चालण्याआधी घरच्याच माणसावर चालते, असा त्याचा अर्थ.

तरुणांच्या अर्जात एक मुद्दा इतिहासाचा आहे. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केलं, ती गुलामीची खूण होती, असं त्यांनी लिहिलं आहे. बरोबर आहे. युरोपियनांना त्या कायद्यातून सूट होती, म्हणून काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्यावर ठराव केला होता. १९३१ च्या कराचीच्या ठरावात तर शस्त्र बाळगण्याचा हक्कही लिहिला होता. पण पुढचं पानही वाचलं पाहिजे. डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत ह. वि. कामतांनी हा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. आपलं राज्य आलं होतं, आणि शस्त्राचा सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही मिळाला असता. घटनेच्या १९ व्या कलमात आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण तो शांततेने आणि विनाशस्त्र. आज आपण इथे जमलो आहोत ते त्याच हक्काने.

आता एक कडू गोष्ट. कट्टे येतात कुठून? बरेचसे मध्य प्रदेशातल्या बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूर भागातून. त्यातलं उमर्टी हे गाव जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागूनच आहे. चोपडा, शिरपूर, धुळे, नवापूर, सुरत. ही वाट कुणाची आहे? आपलीच, दिवाळीला गावी जायची. आपण म्हणतो हत्यारं पाकिस्तानातून येतात. पोटापाण्यासाठी आपण ज्या रस्त्याने सुरतेला आलो, त्याच रस्त्याने कट्टाही एसटीच्या पिशवीतून येऊ शकतो. तिथले कारागीर म्हणजे पिढ्यान् पिढ्या तलवारींना धार लावणाऱ्यांचे वंशज. त्या सगळ्या जमातीला चोर ठरवणंही चूकच होईल. विकत घेणारा नसेल तर भट्टी पेटणार नाही. आणि विकत घेणाऱ्यांत आपला मुलगा आहे का, हे आधी आपण पाहिलं पाहिजे.

मग संकट आलं तर हात बांधून बसायचं का? नाही. २००८ मध्ये सुरतेत २९ बॉम्ब सापडले, एकही फुटला नाही. ते सदोष होते, हे आपलं नशीब. पण झाडावरची पिशवी, फलकामागची वायर पाहून पोलिसांना कळवणारी साधी माणसं होती. त्यांच्यापाशी बंदूक नव्हती, उघडे डोळे होते. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त काठी असताना कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण त्याला जिवंत पकडून दिलं. जिवंत पकडला म्हणून कट उघड झाला. अशी छाती परवान्याने मिळत नाही.

म्हणून कार्यकारिणीच्या वतीने पुढील गोष्टी सभेपुढे ठेवत आहोत.

एक. मंडळ कुणालाही बंदुकीच्या परवान्यासाठी शिफारस देणार नाही. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याने कायद्याप्रमाणे पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा, तो त्याचा स्वतःचा प्रश्न.

दोन. मिरवणुकीत तलवारी नकोत. हत्यारबंदीची अधिसूचना निघते ती आपल्यालाही लागू आहे. लेझीम आणि ढोल पुरेसे आहेत. पूजेत घरच्या शस्त्रांसोबत कारखान्याची अवजारं ठेवावीत, बंदूक ठेवू नये.

तीन. ज्या लग्नात किंवा हळदीत गोळी उडेल, तिथून मंडळाचे पदाधिकारी उठून जातील आणि पोलिसांना कळवतील, मग ते घर आमचं असलं तरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याच्या बंदुकीनेही असा बार करणं गुन्हा आहे. २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि बिनपरवान्याचा कट्टा नुसता जवळ सापडला तरी २ ते ५ वर्षं. पोराचं सगळं तारुण्य त्यात जातं.

चार. भाडेकरूची नोंद पोलिसांत करायची तर सगळ्यांची करायची. आडनाव पाहून एकाची आणि दुसऱ्याला सूट, असं चालणार नाही. आपले आजोबा सचिनला आले तेव्हा तेही परके भाडेकरूच होते, आणि इथल्या माणसांनी त्यांना घर दिलं.

मित्रांनो, हे सचिन एके काळी नवाबाचं संस्थान होतं. नवाबाला ९ तोफांची सलामी होती. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तोफा गेल्या, गाव राहिलं. त्या गावात मराठी, गुजराती, मुसलमान, उत्तरेकडचे, ओडियाचे, सगळे एकाच जीआयडीसीत घाम गाळतात. रात्रपाळीहून आपला मुलगा सुखरूप घरी यावा, एवढंच प्रत्येक आईचं मागणं आहे.

हळदीच्या रात्री आम्ही हसलो, ती आमची चूक झाली. ती गोळी दोन हात खाली आली असती तर तिथे लहान मुलं नाचत होती. आज ज्येष्ठ म्हणून सभेसमोर ती चूक आम्ही मान्य करतो. ज्या मुलाकडे तो कट्टा होता, त्याच्या वडिलांनी आज सभा संपल्यावर आम्हाला भेटावं. आम्ही त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यात येऊ, वकीलही बघून देऊ. आपल्या घरापासून सुरुवात केली तरच दुसऱ्याच्या घराबद्दल बोलायला आपल्याला तोंड राहील.

सभेने विचार करून निर्णय द्यावा. एवढं बोलून आम्ही रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र! जय जय गरवी गुजरात!