बाळ आज शांत आहे



भोसरीत दिघी रोडला आमची दहा बाय दहाची खोली होती, भाडं अर्धं-अर्धं. मी जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला, चाइल्ड हेल्थ नर्सिंगचा पेपर डोक्यावर. माझी रूम पार्टनर चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला, आणि मुक्त विद्यापीठातून मराठी घेऊन बीए करणारी. तिची बस पहाटे साडेपाचला यायची, त्यामुळे आमचा अभ्यास रात्री नऊ ते अकरा, कुकर उतरल्यावर.

अभ्यास म्हणजे एकमेकींचं पाठांतर घेणं. ती माझी वही धरून विचारायची, "मान कधी धरतं?" तिसऱ्या महिन्यात. "आधाराशिवाय बसतं?" आठव्या. "वजन जन्माच्या तिप्पट?" वर्षाला. मग तिची वही माझ्याकडे, त्यात शब्दाच्या तीन शक्ती: अभिधा, लक्षणा, व्यंजना. पहिल्या दिवशी मी 'लक्षणा'चं 'लक्षणं' वाचलं आणि विचारलं, "कुठल्या आजाराची गं?" ती इतकी हसली की घरमालकीण वर आली.

लक्षणा तिनं मला चाकणवरून समजावली. 'चाकण रात्रभर जागं असतं.' आता गाव कसं जागं असेल? जागे असतात ते थर्ड शिफ्टचे कामगार. सरळ अर्थ अडला की त्याला लागून असलेला अर्थ धरायचा. पुस्तकात गंगेवरच्या गौळवाड्याचं उदाहरण होतं, मला चाकणचं जास्त पटलं. व्यंजना मात्र काही केल्या डोक्यात शिरेना. तिथं सरळ अर्थ अडत नाही, जागच्या जागी असतो, आणि तरी त्याच्या मागून वेगळंच काही ऐकू येतं. म्हणजे काय, ते मला वॉर्डात कळलं.

पोस्टिंगचा दुसराच आठवडा होता. चार महिन्यांचं बाळ, आदल्या दिवशी खोकून खोकून बेजार. आई परभणीकडची, नवरा एमआयडीसीत ठेकेदाराकडे. सकाळी मी विचारलं तर म्हणाली, "आज लई शांत हाय, ताई. रडलं बी न्हाई." मीही खूश. लिहून टाकलं: बाळ शांत. इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या, त्यांनी ते वाचलं आणि काही न बोलता बाळाचं झबलं वर केलं. पोट उडत होतं. घड्याळ माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "मोज. पूर्ण मिनिट." अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो.

६४ भरले.

दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. तेवढे किंवा त्याहून जास्त भरले की श्वास जलद. हे आकडे मी झोपेत सांगितले असते. अंगावर न पिणं, सगळं उलटून टाकणं, झटके आणि गळून जाणं, ही धोक्याची लक्षणंही पाठ होती. पण पेपरासाठी. आई खोटं बोलत नव्हती, बाळ शांत होतंच.

ऑक्सिजन लागला, अँपिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली, बाळ वाचलं. अँपिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिनसाठीच. तोवर माझ्या लेखी ती बसच्या खिडकीतून दिसणारी एक लांबलचक भिंत होती.

रात्री पार्टनरला सगळं सांगितलं. तिच्यापुढे गोविंदाग्रज होते, म्हणजे आपले राम गणेश गडकरी. कविता 'राजहंस माझा निजला'. त्यातल्या विधवा आईचं मूल गेलंय, लोक न्यायला आलेत, आणि ती मात्र ते झोपलंय म्हणून सांगत बसली आहे. ती झोप म्हणते, आपल्याला मरण ऐकू येतं. पार्टनरच्या वहीत रस करुण, स्थायीभाव शोक, विभाव, अनुभाव असा तक्ता आखलेला होता. ती बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत राहिली आणि मग तिनं वही मिटली. त्या रात्री आम्ही अकरापर्यंतही बसलो नाही.

तिला परीक्षेत व्यंजनेवर टीप आली. उदाहरण म्हणून तिनं कवितेची ओळ न देता एवढंच लिहिलं: वॉर्डातली आई म्हणते, बाळ आज शांत आहे. तपासणाऱ्याला ते कितपत कळलं असेल, देव जाणे. पास झाली.

मी आता स्टाफ आहे. माझ्या हाताखालच्या मुलींनी 'बाळ शांत' असं लिहिलं की मी पुढं विचारते, "श्वास किती?"