तीन ठोक्यांची जागा

माझे वडील तालुक्याच्या कचेरीबाहेर मराठी टाइपरायटर घेऊन बसत. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे टाइप करून देत. बी. ए.ला असताना मी त्याच यंत्रावर बोटे बसवली. अब्बा शेजारून सांगत, "सही-तारखेची जागा मोजून सोड, बेटा."

टाइपरायटरचा गाडा प्रत्येक ठोक्याला सारखाच सरकतो, म्हणून प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. इंग्रजीतला 'आय' सडपातळ, 'एम' ऐसपैस. पण दोघांची खोली एकाच मापाची. हॉवर्ड केटलर यांनी १९५०च्या दशकात आयबीएमच्या टाइपरायटरसाठी 'कुरिअर' टाइप आखला. त्यात 'आय'ला वर-खाली रुंद पट्ट्या मिळाल्या, 'एम'ला अंग चोरावे लागले. देवनागरीची अडचण वेगळी. ख, भ, श ही अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशी दोन ठोक्यांत जुळवावी लागत; उलट मात्रा मारताना गाडा हलतच नसे.

संपादकांना या सारखेपणाचा मोठा उपयोग. इंग्रजी पायका टाइपात इंचाला दहा अक्षरे ठरलेली. ओळी मोजल्या की मजकूर किती जागा घेईल, याचा अंदाज येई. हॉलीवूडच्या पटकथा आजही बारा पॉइंट कुरिअरमध्ये लिहितात. एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट, असा तिथला ढोबळ हिशेब.

अब्बा गेल्यावर त्यांच्याच यंत्रावर मी एक कविता टाइप केली. एका ओळीत 'बेटा' हा शब्द यायचा होता. तो लिहिवेना. ब, ट आणि काना, अशी तीन ठोक्यांची जागा मी कोरी सोडली. कविता छापून आली तेव्हा संगणकावरच्या जुळणीत ती जागा मिटली होती. मागचा-पुढचा शब्द एकमेकांना खेटून उभे! मी तणतणत संपादकांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, जागा मुद्दाम सोडली की चुकून पडली, हे आम्ही कसं ओळखायचं?"

त्यांचे बरोबरच होते. अब्बांच्या यंत्रावर कोऱ्या जागेलाही अक्षराइतकाच मान होता. छापील टाइपात मात्र प्रत्येक अक्षराची रुंदी निराळी, आणि कोरी जागा सगळ्यांत अंग आखडून बसलेली. तेव्हापासून मी समासात लिहितो, 'येथे तीन अक्षरांची जागा सोडावी.' ती कविता वाचून दाखवताना तेवढे सांगावे लागत नाही. तिथे मी थांबतो.