पायाखालची लय

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात चैत्र लागला की जत्रा, मागोमाग लग्नसराई आणि पावसाळा सरता सरता गणपती. छबिन्यापुढे, वरातीपुढे, मिरवणुकीत वाजणारं एक तारवाद्य आपण बेंजो म्हणून ओळखतो. चामडं चढवलेल्या अमेरिकन बँजोशी त्याचं नावापुरतंच नातं. जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी 1912 साली ताइशोगोतो नावाचं वाद्य बनवलं. एका हाताने टंकयंत्रासारख्या कळा दाबायच्या, दुसऱ्याने तारा छेडायच्या. ते हिंदुस्थानात आलं आणि बुलबुल तरंग झालं. पुढे त्याला पिकअप बसला, आवाज कर्ण्यातून निघू लागला, आणि आपला बेंजो तयार झाला. कळ दाबली की तारेवर ठरलेल्या जागीच दाब पडतो, त्यामुळे सूर चुकत नाही. पण नेमकी तीच त्याची अडचणही आहे. दोन सुरांमधली वाट त्याला चालता येत नाही, कळांवर मिंड निघत नाही. सुराची आसही तोकडी, म्हणून वादक तार सारखी छेडत राहतो. अशा जागच्या जागी थबकलेल्या सुराला हालचाल द्यायची, तर पायाने चालू-बंद करायची फेजर नावाची छोटी पेटी उपयोगी पडते. ती कशी लावावी, याविषयी आज बोलायचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की फेजरवर नॉब कितीही असोत, खरा निर्णय वेगाच्या नॉबवर होतो. आणि तो वेग गिटारवाल्यांच्या तबकड्या ऐकून नव्हे, आपल्या ठेक्याचं आवर्तन मोजून ठरवायला हवा.

आधी आत काय घडतं ते पाहू. आलेला आवाज दोन वाटांनी जातो. एक वाट सरळ. दुसऱ्या वाटेवरची मंडलं आवाजातल्या लहरी थोड्या मागे सारतात, पण सगळ्या सारख्या नाही, कंपनसंख्येप्रमाणे कमीजास्त. दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आल्या की जिथे एका लहरीचा चढ दुसरीच्या उतारावर पडतो, तिथे आवाज नाहीसा होतो. अशी चार मंडलं असली तर आवाजात दोन खाचा पडतात. या खाचा एका जागी राहिल्या तर आवाज नुसता वेगळा लागेल. त्या वर-खाली सरकतात, म्हणून तो घोळतो. सुराची उंची तीच राहते, रंग फिरतो. खाचा किती झपाट्याने फिरतात हे वेगाच्या नॉबवर, किती लांबवर जातात हे खोलीच्या नॉबवर. आणि बाहेर आलेला आवाज थोडा परत आत सोडला की खाचांमधले उंचवटे टोकदार होतात, तो तिसरा, परतीचा नॉब. बेंजोच्या पोलादी तारांत उपस्वर भरपूर असतात, त्यामुळे खाचांना कापायला तिथे पुष्कळ काही सापडतं.

वेगच मुख्य, याला पुरावा या पेट्यांच्या इतिहासातच आहे. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी अभियंते फुमिओ मिएदा यांनी युनि-व्हाइब हे याच जातीचं यंत्र बनवलं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने 1969 मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात ते वापरलं. दूरच्या रेडिओ मॉस्कोचा आवाज वातावरणातून येताना लाटांवर हेलकावतो, त्यावरून ही कल्पना सुचल्याचं मिएदांनी सांगितलेलं आहे. शॉर्टवेव्हवर केंद्र शोधलेल्या श्रोत्यांना तो हेलकावा वेगळा समजावून द्यायला नको. महत्त्वाचं हे, की त्या यंत्रात तीव्रता आणि आवाजाची पातळी हाताने लावायची होती. पायाच्या पट्टीखाली मात्र फक्त वेग दिला होता. पुढे 1974 चं एमएक्सआर कंपनीचं फेज 90 आलं. त्यावर एकच नॉब, तोही वेगाचा. हात तारांवर गुंतलेले असताना वादकाला बदलावीशी वाटते ती गोष्ट कोणती, हे दोघांनीही ओळखलं होतं.

मग वेग किती? मिनिटाला 120 मात्रांचा केहरवा धरा. आठ मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत पुरं होतं. खाचांची एक फेरी तेवढ्याच चार सेकंदांत होऊ द्यावी, म्हणजे समेवर रंग पुन्हा मूळ जागी येतो. बारामतीत राहून मोरोपंतांनी हजारो आर्या मात्रा मोजून रचल्या. त्यांच्या गावात हा हिशेब कुणाला जड जाऊ नये. यावर पहिला आक्षेप रास्त आहे. माणसांच्या हातून लय चढते, यंत्राची चढत नाही. मग मेळ राहणार कसा? समजा वाजवता वाजवता 120 ची लय 132 झाली. फेजर दर मात्रेला एक फेरी अशा वेगाने लावला असेल, तर अडीच सेकंदांत तो ठेक्याच्या बरोबर उलटा पडतो आणि कानाला खुपतो. आवर्तनाला एक फेरी लावली असेल, तर तितकंच उलटं व्हायला वीस सेकंद लागतात. शिवाय इतक्या संथ हेलकाव्याला मात्रेसारखी धार नसते. तो श्वासासारखा ऐकू येतो, ठोक्यासारखा नाही. म्हणजे लय चढते, हेच संथ वेगाच्या बाजूचं कारण ठरतं. आता काही पेडलांवर पायाने ठेका देऊन वेग बसवण्याची सोय असते. ती मिळाली तर उत्तमच.

दुसरा आक्षेप परकेपणाचा, विजेच्या करामतीचा. त्यातला परकेपणाचा हार्मोनियमच्या पेटीवरही घेतला गेला होता. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं, ते 1971 मध्ये कुठे किलकिलं झालं. मिंड निघत नाही, सूर जागचे हलत नाहीत, ही तेव्हाचीही तक्रार होती. तरीही मराठी रंगभूमीवर पायाने भाता चालवायचा ऑर्गन आपल्याला परका राहिला नाही. पाय यंत्राला श्वास पुरवतो आणि हात गातात, ही सवय आपल्याकडे जुनीच आहे. अर्थात फेजर म्हणजे मिंड, असं कुणी म्हणू नये. मिंडेत सूर चालतो, इथे सूर जागेवरच राहतो आणि त्याच्यावरचा उजेड हलतो. उणीव भरून निघत नाही, थोडी सुसह्य होते.

तिसरा आक्षेप मला सर्वात वजनदार वाटतो: हलगी आणि ताशाच्या कडकडाटात हे बारकावे ऐकणार कोण? खरं आहे. त्यात कर्णा फार खालचे आणि फार वरचे आवाज नीट देत नाही, मधलेच पुढे फेकतो. खोलीचा नॉब पूर्ण उघडला, तर खाचा बराच वेळ अशा भागात भटकतात जिथे कर्ण्याला बोलताच येत नाही, आणि वादकाला वाटतं पेडल बिघडलं. म्हणून मैदानात खोली अर्ध्याच्या आत ठेवावी, परतीचा नॉब किंचित चढवावा. आवाज चिरका करणारं डिस्टॉर्शन वापरायचं असेल तर ते फेजरच्या आधी जोडावं, म्हणजे हेलकावा दाट लागतो. एवढं करूनही हलगी अंगावर आली की फेजर ऐकू येत नाही, उलट बेंजोच्या आवाजातला थोडा भाग खाऊन टाकतो. तेव्हा तो पायाने सरळ बंद करावा, आणि हलगी थांबून बेंजोवर एकट्याने लांब सूर धरायची वेळ आली की पुन्हा चालू करावा.