‘येतो’ म्हणून येणारं माणूस



लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या माझ्या पिढीला एक धमकी चांगली ठाऊक आहे. शाळा बुडवली, कुणाच्या खिडकीची काच फोडली, की आई म्हणायची, ‘थांब, तुला डोंगरीलाच टाकते!’ माझी अम्मीही हेच म्हणायची. आमच्या मजल्यावर कोकणातली, घाटावरची, हिंदू, मुसलमान अशी सगळी बिऱ्हाडं होती. सणवार वेगळे होते, पण ही धमकी सगळ्यांची एकच होती.

डोंगरी म्हणजे उमरखाडीचं रिमांड होम. ही जागा मुळात तुरुंगाची. कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली १०१ दिवस काढले ते या डोंगरीच्या तुरुंगात. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. पुढे १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा झाला, १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि या जागेत मुलं राहू लागली. हेतू चांगला होता. पोराला मोठ्या कैद्यांबरोबर कोठडीत ठेवू नये, त्याला सुधारायची संधी द्यावी. पण तुरुंगाची भिंत लोकांच्या मनातून काही हलली नाही. संस्थेतलं मूल म्हणजे काहीतरी करून आलेलं मूल, असं आजही आपण धरून चालतो.

कायदा तसं म्हणत नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा दोन प्रकारची मुलं वेगळी मानतो. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे, ते मूल बाल न्याय मंडळापुढे येतं आणि गरज पडल्यास निरीक्षणगृहात राहतं. जे हरवलं, टाकलं गेलं, घरच्या मारझोडीला कंटाळून पळालं, ते बालकल्याण समितीपुढे येतं आणि बालगृहात राहतं. दादर स्टेशनच्या फलाटावर एकटं सापडलेलं मूल दुसऱ्या प्रकारातलं. त्यानं कुणाचं काहीही वाकडं केलेलं नसतं. बहुतेक वेळा त्याचंच कुणीतरी वाकडं केलेलं असतं.

मध्य मुंबईतल्या अशाच एका बालगृहात मी गेली काही वर्षं दर शनिवारी दुपारी जातो. मुलांना कविता वाचून दाखवतो, त्यांच्याकडून लिहून घेतो. बालगृहाचं नाव सांगत नाही. मुलाचं तर नाहीच नाही, कारण अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्यानंच मनाई आहे आणि ती योग्य आहे. लहानपणीचं दुःख जन्मभर नावाला चिकटून राहू नये.

त्या वर्षी गणपतीच्या आधी चौदा वर्षांचा एक मुलगा तिथे आला. तो रात्री झोपायचा नाही. उशीखाली चपाती लपवून ठेवायचा. कुणी मागून खांद्यावर हात ठेवला तर अंगावर धावून जायचा. बाहेर लालबागची गर्दी, ढोल-ताशे, रोषणाई आणि आत हा भिंतीकडे तोंड करून पडलेला. एका सकाळी त्याच्या हातावर ताजे ओरखडे दिसले. स्वतःचे स्वतः काढलेले.

अशा वेळी सल्ले भरपूर मिळतात. एक म्हणाला, नाटकं आहेत, दुर्लक्ष करा. दुसरा म्हणाला, खेळायला सोडू नका, म्हणजे सरळ येईल. त्या घरात रात्रपाळीला एक मावशी होत्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. रोज रात्री दिवे मालवल्यावर त्या त्याच्या गादीपासून हातभर अंतरावर दहा मिनिटं बसायच्या. वाती वळायच्या नाहीतर मटार सोलायच्या. ‘असं का केलंस?’ हे त्यांनी विचारलं नाही. ‘का’ या प्रश्नाला त्या वयात उत्तर नसतं आणि तो प्रश्न आरोपासारखा लागतो. त्यांनी एवढंच विचारलं, ‘लई दुखतंय का रे?’ आणि मग, ‘जीव द्यावासा वाटतो का?’

हा दुसरा प्रश्न ऐकून पुष्कळांना धक्का बसेल. असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात नको ते शिरेल, अशी भीती आपल्याला वाटते. मनोविकारतज्ज्ञ सांगतात, तसं होत नाही. उलट कुणीतरी सरळ विचारलं की मुलाच्या छातीवरचं ओझं थोडं उतरतं. मुलगा ‘कधी कधी’ म्हणाला. ‘हे कुणाला सांगू नका’ असंही म्हणाला. मावशी म्हणाल्या, ‘बाकी काही नाही सांगणार, पण हे सायबांना नि समुपदेशक ताईंना सांगणार. तू जगायला पायजेस म्हणून सांगणार.’ खोटं वचन त्यांनी दिलं नाही. दुसऱ्या दिवशी ताई त्याच्याशी बोलल्या, डॉक्टरांना दाखवलं, उपचार सुरू झाले. माया हवीच, पण औषधाचं काम औषधानंच करायचं असतं.

एका शनिवारी मी मुलांना ‘वाट’ या शब्दावर लिहायला सांगितलं. या मुलानं कविता लिहिली नाही, यादी लिहिली. मामा, शाळेतले एक सर, एका संस्थेची ताई, समाजकार्य शिकणाऱ्या दोन मुली, आधीच्या घरातले काका. अशी सहा माणसं. खाली लिहिलं होतं, ‘हे सगळे येतो बोलले होते.’

श्रोते हो, आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. कोकणी मुसलमानाच्या घरीही तीच रीत. मुलांना मात्र तो शब्द खरा वाटतो. यादीतली माणसं वाईट नव्हती. क्षेत्रकार्याला आलेल्या मुलींची परीक्षा आली, काकांचं कंत्राट संपलं, ताईची बदली झाली. प्रत्येकाचं कारण खरं होतं. मुलाच्या हिशेबी मात्र तो सहा वेळा टाकला गेला होता.

मावशींनी यावर एक साधा नेम केला. सुट्टी असली की आदल्या रात्री सांगायचं, ‘उद्या मी नाही, परवा आहे.’ आणि परवा यायचंच. तीनेक महिन्यांनी तो झोपू लागला. उशीखाली चपाती ठेवणं मात्र लगेच सुटलं नाही आणि मावशींनी ते सोडवायची घाईही केली नाही. त्या शिळी काढून ताजी ठेवायच्या.

पोलंडमधल्या वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर होते. ज्यू मुलांचा अनाथाश्रम चालवायचे आणि ‘म्हातारा डॉक्टर’ या नावानं रेडिओवर बोलायचे. त्यांच्या आश्रमात मुलांचं स्वतःचं न्यायालय होतं. त्या न्यायालयापुढे मोठ्यांवरही तक्रार करता येई आणि डॉक्टर स्वतः त्यापुढे उभे राहत. जुलै १९४२ मध्ये नाझींच्या पहाऱ्यातल्या त्या आश्रमात मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ हे नाटक केलं. पुढच्याच महिन्यात सुमारे दोनशे मुलांना मृत्यूच्या छावणीकडे नेण्यात आलं. डॉक्टरांना स्वतःचा जीव वाचवता आला असता. ते मुलांना सोडून गेले नाहीत.

एवढं धैर्य आपल्याकडे कुणी मागत नाही. आपल्या परळमध्ये गंगाराम सुर्वे या गिरणी कामगारानं टाकलेलं एक तान्हं मूल उचललं, त्याला आपलं नाव दिलं, शाळेत घातलं. ते मूल म्हणजे कवी नारायण सुर्वे. गंगाराम मोठे विद्वान नव्हते, श्रीमंत नव्हते. एका पोराचे ते होते, इतकंच.

संस्थेत मूल ठेवणं हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो. पण जोवर मुलं तिथे आहेत, तोवर पाळ्या बदलल्या तरी प्रत्येक मुलाचं म्हणून एक माणूस ठरलेलं असावं. घरच्यांची भेट बंद करणं ही शिक्षा कधीच असू नये. दर दोन-तीन महिन्यांनी काळजीवाहक बदलणारी कंत्राटं नसावीत. पगार इतका असावा की मावशींसारखी माणसं टिकतील. आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की मूल रस्त्यावर येऊ नये. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे, ती कागदावर राहू नये.

आणि आपण? आपल्या मुलाचा वाढदिवस बालगृहात साजरा करायची आता पद्धत पडली आहे. केक येतो, फोटो निघतात, मुलं टाळ्या वाजवून ‘थँक्यू’ म्हणतात. पाच वाजता गाड्या निघून जातात. जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण वर्षातून एकदा केक नेण्यापेक्षा अधीक्षकांची रीतसर परवानगी घेऊन महिन्यातून एकदा गणित शिकवायला जा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. जमणार नसेल तर आधी कळवा. कायमचं थांबायचं असेल तर तेही समोर बसून सांगा.

संकटातलं मूल दिसलं तर १०९८ हा क्रमांक लक्षात ठेवा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन १९९६ साली आपल्याच मुंबईत सुरू झाली आणि आज सरकार ती चालवतं. मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा आहे. फोन करताना मुलाला एकटं सोडू नका. आणि ‘येतो’ म्हणालात तर जाऊन या.