टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड



आपल्या देशात 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. मोडेम टेलिफोनला जोडून नंबर लावायचा, मग त्याची ती किरकिर ऐकायची! वेग सेकंदाला फार तर 56 किलोबिट. बाजारभाव पाहत बसले की तेवढा वेळ फोन अडकलेला. अडत्याचा निरोप येणार कसा?

2005 साली महानगर टेलिफोन निगम आणि भारत संचार निगम यांनी ब्रॉडबँड आणले. ठाणे शहर पहिल्याच्या, तर कल्याण-डोंबिवली दुसऱ्याच्या हद्दीत होते. तांब्याची तार तीच. पण बोलणे खालच्या कंपनसंख्येवरून आणि संगणकाची माहिती वरच्या. दोन्ही वेगळे करणारी छोटी डबी, म्हणजे स्प्लिटर, बसवली की फोन मोकळा. मात्र एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटरपलीकडे वेग फार घटतो. लांबच्या वाडीवरचे घर येथेच मागे पडते.

काचतंतूच्या तारेला, म्हणजे फायबरला, एवढे अंतर नडत नाही. नवी जोडणी घेताना तीच मागावी. घरात अजून तांब्याचीच तार असेल, तर वळवाचा गडगडाट सुरू होण्यापूर्वी मोडेमची टेलिफोनची तार आणि विजेची पिन, दोन्ही काढून ठेवा. नुसते बटण बंद करून भागत नाही.