गल्ल्याच्या अलीकडे आणि पलीकडे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



एखाद्या संस्थेस पन्नास वर्षे पूर्ण झाली म्हणजे तिच्या ताळेबंदाकडे अभिमानाने पाहण्याचा मोह होतो. तो स्वाभाविकही आहे. परंतु जाणता व्यापारी जमेच्या बाजूइतकीच नावेची बाजूही काळजीपूर्वक वाचतो. समुद्रापलीकडे जाऊन वैभवास पोहोचलेल्या भारतीय व्यापारी समाजाची, आणि त्यातील जैन बांधवांचीही, अशी नावेची बाजू हा आजचा विषय आहे. केनिया आणि युगांडा या पूर्वीच्या ब्रिटिश वसाहतींत भारतीय दुकानदार आणि आफ्रिकी गिऱ्हाईक पाऊणशे वर्षे एकाच बाजारपेठेत वावरले. रोजचा व्यवहार होता, रोजचे बोलणे होते. तरीही ते एकमेकांना परकेच राहिले, आणि त्या परकेपणाची किंमत शेवटी दोघांनीही मोजली.

१८९६ साली ब्रिटिशांनी मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधण्यास प्रारंभ केला. १९०१ साली ती सरोवराच्या काठी पोहोचली. या कामासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर करारावर नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे २,५०० जणांनी तेथेच देह ठेवला. बहुतेक मायदेशी परतले आणि सुमारे ६,७०० मागे राहिले. रेल्वेच्या मागोमाग कच्छ, काठियावाड आणि गुजरातेतून व्यापारी गेले. संवत १९५६ च्या, म्हणजे १८९९-१९०० च्या ‘छप्पनिया’ दुष्काळाने काठियावाडातील शेतकरी कुटुंबे मेटाकुटीस आली होती. त्या काळापासून जामनगर परिसरातील हालारी विसा ओसवाल समाजातील तरुणही तिकडे जाऊ लागले. प्रथम दुसऱ्याच्या दुकानात नोकरी, मग स्वतःचे लहानसे दुकान, मग गावाकडून भाऊ आणि पुतण्यांना बोलावणे, असा त्यांचा क्रम होता. पुढे त्यांनी शाळा, वसतिगृहे आणि देरासरे उभारली. मोंबासा येथे १९६३ साली शिखरबंध जैन मंदिर उभे राहिले. हे कर्तृत्व थोर होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

या व्यापारात कापडास मोठे स्थान होते. अमेरिकेतून येणारा कोरा मांजरपाट तेथे ‘मेरिकानी’ या नावाने ओळखला जाई, आणि अंतर्भागात तो चलनासारखा चाले. पुढे मुंबईच्या गिरण्यांच्या मालाने त्याची जागा बऱ्याच अंशी घेतली. आफ्रिकी स्त्रिया वापरतात ते ‘कांगा’ नावाचे छापील कापड, ज्यावर स्वाहिली भाषेतील म्हण छापलेली असते, तेही भारतीय व्यापाऱ्यांच्या हातून घरोघरी पोहोचले. दुकान या शब्दाचे स्वाहिलीत ‘डुका’ हे रूप रूढ आहे. ‘हुंडी’, ‘बिमा’, ‘चपाती’ हे शब्दही त्या भाषेत सुखाने नांदत आहेत. शब्दांना उंबरठा ओलांडता आला. माणसांना तो क्वचितच ओलांडता आला.

याचे पहिले कारण राज्यकर्त्यांनी रचलेल्या शिडीत सापडते. सर्वांत वरच्या पायरीवर युरोपीय, मधल्या पायरीवर भारतीय आणि तळाशी आफ्रिकी, अशी ती रचना होती. शाळा वेगळ्या, रुग्णालये वेगळी, वस्त्या वेगळ्या आणि एकाच कामाचे वेतनही वर्णानुसार वेगळे. केनियातील सुपीक डोंगराळ प्रदेश गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आला होता. तेथे भारतीयांस जमीन घेता येत नसे. या अन्यायाविरुद्ध भारतीयांनी अनेक वर्षे झगडा दिला. १९२३ साली ब्रिटिश सरकारने ‘डेव्हनशायर श्वेतपत्रिका’ काढून आफ्रिकी लोकांचे हित सर्वोपरी असल्याचे जाहीर केले, परंतु ती जमीन गोऱ्यांकडेच राहू दिली. आफ्रिकी माणसास ठरावीक रकमेहून अधिक उधारी दिली तर ती न्यायालयातून वसूल करता येऊ नये, असेही निर्बंध वसाहतीच्या काळात होते. ज्याला पत नाही त्याचा व्यापार वाढत नाही, हे येथील श्रोत्यांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. भांडवल नाही आणि उधारी नाही, अशा अवस्थेत आफ्रिकी माणूस दुकानदार होणार तरी कसा? तरीही दुकानात हिशेबास बसलेला मनुष्य भारतीय होता, म्हणून गिऱ्हाइकाचा रोष त्याच्यावरच साचत गेला. शिडी रचणारा साहेब दूर बंगल्यात होता.

येथपर्यंतचा दोष परक्या राज्यकर्त्यांच्या नावे टाकता येतो. यापुढील दोष मात्र तसा टाकता येत नाही. मधल्या पायरीवरील मनुष्यास वरच्याची लाथ जाणवते, पण आपल्या टाचेखाली कोण आहे हे तो खाली वाकून पाहत नाही. साहेबाच्या क्लबात प्रवेश नाही म्हणून जो भारतीय संतापे, त्याच्याच घरी पन्नाशीचा आफ्रिकी नोकर ‘बॉय’ या हाकेस ओ देई. वर्षानुवर्षे घर सांभाळणाऱ्या त्या माणसाचे पूर्ण नाव काय, त्याची मुले कोणत्या शाळेत जातात, हे कितीशा घरांत ठाऊक होते? एकत्र भोजन नाही, सोयरीक तर दूरच. आफ्रिकी मनुष्य आळशी असतो, तो लबाड असतो, त्याला व्यापार जमत नाही, ही वाक्ये मुलांच्या कानांवर बालपणापासून पडत. उलट बाजूस, ‘मुहिंदी’ म्हणजे वजनात मारणारा आणि पैसा बाहेर धाडणारा, अशी समजूत आफ्रिकी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पक्की होत गेली. दोन्हीकडे व्यक्तीचा चेहरा पुसला गेला आणि जातीचा शिक्का तेवढा उरला.

युगांडात कापसामुळे हा रोष उघड झाला. शेतकरी आफ्रिकी होता, तर सरकी काढण्याचे कारखाने बहुतांशी भारतीयांच्या हाती होते. १९४९ साली बुगांडात दंगली उसळल्या, तेव्हा आपला कापूस आपणच पिंजून विकू द्यावा, ही आफ्रिकी शेतकऱ्यांची एक प्रमुख मागणी होती. १९५९-६० मध्ये तेथे भारतीय दुकानांवर मोठा बहिष्कार पडला. ही सूचना स्पष्ट होती. दुकाने पुन्हा उघडली, परंतु त्या सूचनेचा अर्थ फार थोड्यांनी मनावर घेतला.

काही जणांनी तो अर्थ वेळीच ओळखला होता. त्यांत एक नाव महाराष्ट्राचे आहे. औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत हे १९४८ साली नैरोबी येथे स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून गेले. भारतीयांनी आफ्रिकी लोकांशी एकरूप व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. आफ्रिकी विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, त्या याच काळात. आफ्रिकी राष्ट्रवादी नेत्यांशी असलेला त्यांचा स्नेह ब्रिटिशांना खुपला आणि १९५४ साली ते तेथून परत आले. पंजाबी कामगार नेते माखनसिंग यांनी सर्व वर्णांच्या कामगारांची एक संघटना बांधली. त्यांनी १९५० साली पूर्व आफ्रिकेच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली, आणि त्याबद्दल सुमारे अकरा वर्षे स्थानबद्धता सोसली. गोमंतकीय कुटुंबातील पिओ गामा पिंटो यांनी तरुणपणी गोवामुक्तीसाठी काम केले होते. केनियात परतल्यावर ते तेथील स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि १९५४ ते १९५९ अशी पाच वर्षे बंदिवासात व स्थानबद्धतेत राहिले. स्वतंत्र केनियात खासदार झाल्यावर २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत त्यांची हत्या झाली. अशी माणसे होती. पण ती मोजकी होती, आणि त्यांच्याच समाजातील अनेकांना ती ‘नसती उठाठेव’ करणारी वाटत.

मग हिशेबाचा दिवस उगवला. केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. नागरिकत्व स्वीकारण्यास दोन वर्षांची मुदत होती. अनेक भारतीयांनी ब्रिटिश पारपत्रावर विसंबून ती जाऊ दिली. १९६७ च्या कायद्यांनी नागरिक नसलेल्यांच्या व्यापारावर निर्बंध आणले आणि लोक ब्रिटनकडे निघाले. तेव्हा ब्रिटनने १९६८ साली घाईघाईने कायदा करून आपल्याच पारपत्रधारकांना दार अडवले. हा वर्णभेद मानवी प्रतिष्ठेस कमीपणा आणणारा आहे, असा निष्कर्ष युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७३ साली नोंदविला. दरम्यान युगांडात ४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीन याने भारतीयांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. आयुष्यभराची कमाई टाकून, हाती नाममात्र रक्कम घेऊन, हजारो कुटुंबे बाहेर पडली. सुमारे २८,००० जण ब्रिटनला गेले. तेथे लेस्टर नगरपालिकेने युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात दिली होती की निर्वासितांनी आपल्या शहरात येऊ नये. त्याच लेस्टरमध्ये पुढे त्यांनी उद्योग उभारले, आणि १९८८ साली तेथे भव्य जैन मंदिर प्रतिष्ठित झाले.

अमीनचे कृत्य अन्याय्यच होते. वर्ण पाहून शिक्षा देणारा न्यायाधीश नसतो. चांगला-वाईट, दाता-शोषक, नागरिक-अनागरिक असा विवेक त्याने केला नाही, आणि त्याच्या राजवटीत मारल्या गेलेल्यांत आफ्रिकी माणसेच फार मोठ्या संख्येने होती. परंतु समोरच्याच्या अन्यायाने आपला अन्याय फिटत नाही. जमाखर्चाच्या वहीत दोन स्वतंत्र खाती असतात. एकाची बाकी दुसऱ्यात परस्पर वळती करता येत नाही.

तेथून आलेल्या लोकांत एक कथा सांगितली जाई. भारतीयांची दुकाने अमीनच्या सैनिकांना आणि मर्जीतल्या लोकांना वाटण्यात आली, तेव्हा नव्या मालकांना भाव ठाऊक नव्हते. सदऱ्याच्या गळ्यावर छापलेले माप हीच किंमत समजून त्यांनी माल विकला, अशी ती कथा आहे. ती सांगताना ऐकणारे हसत. कथा घडलेली असो वा रचलेली, तिच्यावर हसण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा. पाऊणशे वर्षे दुकानात झाडलोट करणाऱ्या, गाठोडी उचलणाऱ्या माणसाला भाव काढणे, ताका मोजणे, खतावणी लिहिणे कोणी शिकविले? गल्ल्याच्या पलीकडून अलीकडे त्याला कधी बोलावले गेले काय? ज्या दुकानांनी बोलावले, त्यांना अज्ञानाची कथा सांगून हसण्याची वेळ आली नसती.

जैन शास्त्रांनी चार कषायांत मानाची गणना केली आहे आणि आठ मदांत जातिमद व कुलमद सांगितले आहेत. मुंगीस जपणारा श्रावक माणसाला तुच्छ लेखतो तेव्हा हिंसाच करीत असतो, ती रक्ताशिवाय होते इतकेच. संवत्सरीच्या दिवशी नैरोबीच्या देरासराबाहेर लोक एकमेकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत असतील, तेव्हा दाराशी चपला सांभाळणाऱ्या आफ्रिकी माणसाकडे कोणी वळले असेल काय? सर्व जीवांची क्षमा मागणाऱ्या परंपरेस हा प्रश्न टाळता येणार नाही.

जुलै २०१७ मध्ये केनिया सरकारने तेथील भारतीय वंशाच्या समाजास देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. युगांडाने १९८६ नंतरच्या काळात अनेकांना मालमत्ता परत केल्या आणि काही उद्योगपती परतलेही. तरीही एप्रिल २००७ मध्ये माबिरा जंगलाची जमीन भारतीय वंशाच्या उद्योगसमूहाच्या उसासाठी देण्याचा बेत पुढे आला, तेव्हा कंपालात दंगल झाली आणि एका निरपराध भारतीयास जमावाने ठार मारले. जुनी बाकी अद्याप पूर्ण मिटलेली नाही.

आणि भारतात काय चित्र आहे? हाही देश एके काळची वसाहतच. येथे आज आफ्रिकी मनुष्य परका आहे. गोव्यात २०१३ साली एका नायजेरियन तरुणाच्या खुनानंतर एका मंत्र्याने त्या देशाच्या लोकांना कर्करोगाची उपमा दिली. पुढे त्याबद्दल त्यांस क्षमा मागावी लागली. २०१६ साली बंगळुरूत एका टांझानियन विद्यार्थिनीस जमावाने मारहाण केली. ज्या अपघातामुळे जमाव चिडला होता त्याच्याशी तिचा काहीही संबंध नव्हता. २०१७ साली ग्रेटर नोएडात नरभक्षणाच्या अफवेवरून आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. पुण्यासारख्या विद्यानगरीत अनेक दशके आफ्रिकी विद्यार्थी शिकत आले आहेत. त्यांना घर भाड्याने देताना, दुकानात त्यांच्याशी बोलताना जी नजर वापरली जाते, तीच नजर एके काळी लंडनच्या रस्त्यावर भारतीय कुटुंबांनी सोसली.

पूर्व आफ्रिकेचा धडा व्यापाऱ्याच्या भाषेत सांगता येईल. जेथे कमावले तेथील माणसाशी केवळ मालाचा व्यवहार ठेवला, तर संकटकाळी तो मनुष्य गिऱ्हाईकच राहतो, शेजारी होत नाही. हा नियम परदेशी गेलेल्या मुलांना लागू आहे, तसाच येथे दुकानात काम करणाऱ्या परप्रांतीय मुलाला, हमालाला आणि गावच्या गिऱ्हाइकालाही लागू आहे. पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करताना या संस्थेच्या शिष्यवृत्तीचे आणि औषधोपचाराचे दार कोणत्या नावांपुढे उघडते, आणि कोणत्या नावांपुढे ते केवळ सवयीने बंद राहते, याची एकदा तपासणी व्हावी. तेवढे झाले तर आजचे हे चिंतन सार्थकी लागेल.

जय जिनेंद्र.