यांत्रिक लेखनिक आणि नमुन्यांचें कपाट



दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागांत कोणी एखाद्या जुन्या ग्रंथाचें प्रकाशनवर्ष विचारलें, तर जाणता ग्रंथपाल तें तोंडपाठ सांगत नाहीं. त्याला तें बहुधा ठाऊकहि असतें. तरी तो उठतो, कपाटापाशीं जातो आणि पान उघडून वाचकापुढें ठेवतो. संगणकासाठीं आज्ञावली लिहून देणारा जो यांत्रिक लेखनिक आज लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांतील कार्यालयांत येऊन बसला आहे, त्याला ही उठून पाहण्याची संवय मुळांत नव्हती. ती त्याला लावण्याचा खटाटोप चालला आहे; तोच आजच्या भाषणाचा विषय.

या लेखनिकानें माणसांनीं लिहिलेल्या कोट्यवधि ओळी वाचल्या आहेत. पण त्याचें वाचन एका दिवशीं थांबतें आणि जग मात्र थांबत नाहीं. पायथॉन भाषेंत कोष्टकें हाताळण्यासाठीं ‘पांडाज’ नांवाचा आज्ञासंग्रह फार वापरांत आहे. कोष्टकाला ओळ जोडण्याची त्यांतील ‘अपेंड’ ही आज्ञा एप्रिल २०२३ मध्यें निघालेल्या २.० या आवृत्तींत काढून टाकण्यांत आली. तिच्या जागीं ‘कॉनकॅट’ वापरावी लागते. जुनीं उदाहरणें मात्र ‘अपेंड’नेंच भरलेलीं. निव्वळ आठवणीवर लिहिणारा लेखनिक तीच लिहून देतो आणि काम अडतें. अडतें तें बरेंच म्हणावयाचें, कारण चूक निदान कळते.

याहून वाईट प्रकार दुसरा आहे. अस्तित्वांतच नसलेल्या संग्रहांचीं नांवें तो बेधडक घेतो. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत १६ मॉडेलांकडून ५ लाख ७६ हजार नमुने लिहवून घेतले, तेव्हां त्यांत २,०५,४७४ निरनिराळीं काल्पनिक नांवें निघालीं. एखाद्या लबाडानें असलेंच नांव देऊन आपला घातकी संग्रह सार्वजनिक भांडारांत आधींच ठेवून दिला, तर चोराला दार आपणच उघडून दिल्यासारखें होतें.

उपाय दिसावयास साधा आहे : लेखनिकाच्या हाताशीं तपासलेल्या नमुन्यांचें कपाट द्यावयाचें. मजकूर शोधून पुढें ठेवावा आणि मग लिहावें, या पद्धतीला २०२० सालच्या एका शोधनिबंधानें नांव व रूप दिलें. नोव्हेंबर २०२४ मध्यें अँथ्रॉपिक या कंपनीनें ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा सर्वांस खुला असा जोडणीचा संकेत प्रसिद्ध केला. तोंवर प्रत्येक लेखनिकाला प्रत्येक कपाट जोडण्याची सोय निराळी करावी लागे. आतां दोन्ही बाजूंनीं हा एक संकेत पाळला कीं पुरतें. काम आलें कीं लेखनिक कपाटाच्या राखणदाराला विचारतो, ‘पांडाज, आवृत्ति २.०, ओळ जोडणें. नमुना आहे काय?’ राखणदार जुळणारे दोन-चार नमुने काढून देतो आणि ते पाहून लेखनिक लिहूं लागतो. त्याची मूळ स्मृति बदलत नाहीं. उघडें पान तेवढें समोर असतें.

कल्पना मात्र नवी नव्हे. १९४९ सालीं चालू झालेल्या केंब्रिजच्या ‘एडसॅक’ यंत्रासाठीं छिद्रें पाडलेल्या कागदी फितींचें एक कपाट केलेलें होतें. वर्गमूळ काढण्यासारख्या वारंवार लागणाऱ्या कामांच्या तयार आज्ञा त्यांत ठेवीत. विल्क्स, व्हीलर व गिल यांनीं १९५१ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’च्या स्मृतींत तर अवघे २,०४८ शब्द मावत.

खरी मेख कपाटांत काय ठेवलें आहे यांत आहे. बचत खात्यावरील व्याज घ्या. ३१ मार्च २०१० पर्यंत व्यापारी बँका तें महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर देत. रिझर्व्ह बँकेच्या निर्णयानें १ एप्रिल २०१० पासून तें दररोजच्या शिलकेवर धरावें लागतें. समजा, गिरगांवांतील एका निवृत्त शिक्षिकेच्या खात्यांत ५०,००० रुपये आहेत आणि २५ तारखेस इस्पितळाच्या खर्चासाठीं तिनें ४५,००० काढले. जुन्या रीतीनें त्या महिन्याचें व्याज केवळ ५,००० वर मिळेल. नव्या रीतीनें पहिले चोवीस दिवस ५०,००० वर मिळेल. कपाटांत जुना नमुना राहून गेला असेल, तर लेखनिक तोच निष्ठेनें उतरून काढील. आज्ञावली कोठेंहि अडणार नाहीं. खातेदारांच्या खात्यांत तेवढे पैसे कमी पडत जातील, आणि कोणी विचारलेंच तर कपाटाकडे बोट दाखवितां येईल.

म्हणून प्रत्येक नमुन्यावर आवृत्ति, तारीख आणि तो चालवून पाहणाऱ्याचें नांव असावें. संग्रह बदलला कीं नमुने पुन्हा चालवून पाहावे. हें काम कंटाळवाणें असल्यामुळें नव्या उमेदवाराच्या गळ्यांत पडण्याचा संभव फार. वस्तुतः तें कार्यालयांतील सर्वांत जाणत्या माणसाचें आहे. बाहेरून आणलेल्या नमुन्यांत ‘अमुक फाईल अमुक ठिकाणीं पाठव’ अशी आज्ञाहि कोणी टीप म्हणून दडवूं शकतो, आणि वाचलेला मजकूर लेखनिक हुकूम समजून बसण्याचा धोका असतो. त्याला कपाट वाचूं द्यावें. तिजोरीच्या किल्ल्या देऊं नयेत.

राहिला व्याजाचा जुना नमुना. तो फाडून टाकावयाचा नाहीं. २००८ सालचें पासबुक घेऊन एखादा वारस आजहि चौकशीस येईल, आणि त्या वर्षाचा हिशेब त्याच रीतीनें तपासावा लागेल. तो नमुना निराळ्या खणांत, वर ‘३१ मार्च २०१० पर्यंत’ अशी चिठ्ठी लावून ठेवावयाचा.